तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

दोह्ये भिक्षुणीचा आवाज मोठा होता. मठात येण्याआधी ती बुसानच्या बुटांच्या कारखान्यात कामाला होती, आणि यंत्रांच्या खडखडाटात शेजारणीला हाक मारायची तर आवाज पोटातून काढावा लागे. डोकं भादरून करडे कपडे चढवले त्याला वीस वर्षं झाली, पण आवाज काही भादरला गेला नाही. ती सूत्र म्हणायला बसली की बाकीच्या भिक्षुणी नुसते ओठ हलवून वेळ मारून नेत. मठातल्या सगळ्यांत वडील इल्जिन सुनीम म्हणायच्या, "हिला मागच्या रांगेत बसवा गं. बुद्धाच्या कानठळ्या बसतील." भिक्षू असो की भिक्षुणी, या मुलखात हाक एकच, सुनीम.

हा आवाज गावाच्या कामी आला तो खाणीमुळे. मठाच्या खाली ओढ्याकाठी गाव होतं, त्याच्या समोरच्या डोंगरात दगडाची खाण. सुरुंग उडाला की घरांच्या भिंतींना तडे जात, विहिरीचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं होई, आणि वाळत घातलेल्या मिरच्यांवर पीठ शिंपडल्यासारखी धूळ बसे. एवढं गावानं सोसलं. पण कंपनीनं डोंगराची अलीकडची बाजू, म्हणजे गावाच्या अगदी डोक्यावरची बाजू मागितली तेव्हा दोह्ये मठाच्या पायऱ्या उतरून खाली आली आणि ट्रकांच्या रस्त्यावर मांडी घालून बसली. तिच्या मागोमाग म्हाताऱ्या बसल्या. म्हाताऱ्यांच्या मागोमाग, लाजेकाजेस्तव, त्यांचे मुलगे बसले. गावप्रमुख क्वाक तर एका ट्रकच्या पुढे आडवाच झाला होता. नवी कोरी पॅंट होती त्याची. ती गोष्ट तो पुढे वर्षभर सांगत होता.

कंपनीचा साहेब, आडनाव नाम, फार नम्र माणूस. तो सगळ्यांपेक्षा खाली वाकून नमस्कार करायचा आणि संध्याकाळी एकेका घरी जिनसेंगच्या औषधी मुळ्यांची पेटी घेऊन जायचा. सकाळी त्या घरातलं माणूस सभेत चाचरू लागायचं. म्हणून दोह्येनं गावाच्या विरोध समितीला नियम घालून दिला: समितीचं तोंड एकच. कंपनीशी, सरकारशी जे बोलायचं ते दोह्येच बोलेल, बाकी कुणीही एकट्यानं हो म्हणायचं नाही की नाही म्हणायचं नाही. म्हणजे पेट्या कितीही वाटा, उपयोग शून्य.

दुसरा नियम तिनं मठातून आणला. संघाची सभा बसली की ठराव तीनदा विचारतात. ज्याचा विरोध असेल त्यानं बोलावं. तिसऱ्यांदा विचारूनही जो गप्प राहील, तो कबूल आहे असं धरतात आणि मग मागाहून विहिरीवर कुरकुर करायची नाही. गावाला हे भारी आवडलं. इतकी वर्षं सभेत मूग गिळून बसायचं आणि बाहेर आल्यावर शिव्या घालायच्या, ही गावाची जुनी खोड. ती एका हिवाळ्यात सुटली. क्वाकला तर तीनदा विचारण्याचा नादच लागला. तो घसा खाकरून असं विचारायचा, जणू त्यालाच दीक्षा मिळालेली आहे.

तीन वर्षं कंपनीला गावाची संमती काही मिळाली नाही. त्या संमतीशिवाय डोंगराला हात लावता येत नव्हता. एका वर्तमानपत्रात दोह्येचा फोटो आला, तोंड उघडं असलेला. इल्जिन सुनीमनी तो बघून म्हटलं, "दात चांगले आहेत अजून."

मग एका सकाळी दोह्ये एकशेआठ लोटांगणं घालत होती. कपाळ जमिनीला टेकवावं, उठावं, हात जोडावेत, पुन्हा टेकवावं. निम्म्यावर आल्यावर तिच्या ध्यानात आलं की प्रत्येक लोटांगणाला आपण मनातल्या मनात नाम साहेबाला शिवी घालतोय. पहिल्यापासून. बुद्धाच्या जागी त्याचा तो वाकलेला नम्र चेहरा दिसत होता, आणि हे आजचं नव्हतं, कितीतरी महिन्यांचं होतं. ती घाबरली. ज्यासाठी केस उतरवले, आईला रडवलं, ते सगळं या माणसाच्या पायाशी नेऊन ठेवलं की काय आपण?

इल्जिन सुनीमना तिनं जाऊन सांगितलं. म्हातारी पायमोजे रफू करत होती.

"राग कामाला आला, नाही?" ती म्हणाली. "आता तो घर मागतोय. या हिवाळ्यात बस. बाकी काही करू नकोस."

हिवाळ्याची बैठक म्हणजे तीन महिने मठाच्या दाराबाहेर पाऊल नाही. भिंतीकडे तोंड करून बसायचं, बांबूच्या पट्टीचे तीन ठोके पडले की ध्यान सुटायचं, हात जोडून वाकायचं, थोडं चालायचं, पुन्हा बसायचं. एवढं पुरेसं होतं. पण दोह्येला अर्धंमुर्धं काही जमायचंच नाही.

"मी मौनही धरते," ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं? नुसतं बस म्हटलं मी."

"माझं सगळं तोंडातूनच वाहून जातं, सुनीम. तेच बंद करते."

इल्जिन सुनीमनी दोरा दातानं तोडला. "कर बाई. तुझं तोंड, तुझा हिवाळा."

बैठक सुरू व्हायच्या आधी मठात हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस असतो. गावातल्या बायका मदतीला येतात, कोबीचे डोंगर रचतात, आणि हात कोपरापर्यंत तिखटात घालून मठाच्या किमचीला नावं ठेवतात. ओक्बुन आजींचा यात पहिला नंबर. सत्तरी उलटलेली एकटी बाई, गावातलं शेवटचं घर तिचं, खाणीच्या तोंडाशी. सगळ्यात आधी पाणी पांढरं झालं ते तिच्या विहिरीचं, आणि दोह्येच्या मागे रस्त्यावर सगळ्यात आधी बसली तीही तीच.

"लसूण नाही, खारवलेली मासळी नाही," आजी म्हणाल्या. "याला किमची म्हणायचं की शिक्षा?"

"तुमच्या किमचीचा वास घेऊन ध्यानाला बसलं ना आजी, तर बुद्धसुद्धा मधेच उठून जेवायला येईल."

"येऊ दे की! बिचारा कधीचा बसलाय." बायका हसल्या. आजींनी कोबीच्या पानांत मसाला भरता भरता आवाज खाली आणला. "सुनीम, तुम्ही आत बसणार. वर मौन. मग आमचं तोंड कोण?"

"संमतीची सभा वसंतात आहे, आजी. तोवर मी बाहेर आलेली असेन."

"आणि त्यांनी आधी लावली तर?"

"अशी कशी लावतील? तारीख ठरलीय."

"त्या नाम्याचा काय भरवसा? खाली वाकतो तेव्हा जमिनीवर काय पडलंय ते बघतो तो. मी म्हणते, तेवढ्यापुरतं दुसऱ्या कुणाला तोंड करून ठेवा. क्वाकची बायको बरी बोलते."

दोह्ये हसली. क्वाकची बायको बरी बोलायची हे खरंच होतं. पण ती चार वाक्यं बोलली की पाचव्याला रडायची, आणि दोह्येला वाटायचं, हा लढा रडक्या आवाजाचा नाही. खरं सांगायचं तर तिला आणखीही काही वाटायचं. ज्या जागेवर आपण तीन वर्षं बसलो तिथे दुसरी कुणी बसलेली तिला बघवली नसती. दिवसभर शंभर बायका जमल्या होत्या. तिनं एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. तो तिनं टाकला नाही.

"काही होत नाही, आजी," ती म्हणाली. "तुम्ही मसाला नीट भरा."

बैठक सुरू झाली. दोह्येनं छातीवर कापडाची पट्टी शिवून घेतली, 'मौन' असं लिहिलेली. पहिले काही आठवडे डोक्यात बाजार भरला होता. नाम साहेब यायचा, ट्रक यायचे, बुसानमधली मुकादमीण यायची, आणि सगळ्यांशी ती आत भांडायची. मग हळूहळू गिऱ्हाइकं उठायला लागली. कधीमधी एखादा श्वास असा यायचा की त्याला नाव नसायचं. तिला रडू यायचं. इतकं जवळ होतं हे, आणि आपण कुठे रस्त्यात बसून ओरडत होतो?

आणि नेमकी तेव्हाच खालून बातमी आली. कंपनीनं सभा अलीकडे ओढून घेतली होती. नववर्षाच्या सणाच्या आधी, ऐन बर्फात. जिल्ह्याच्या साहेब मंडळींना सवड तेव्हाच होती म्हणे. मठाचं दार तेव्हा बंद असतं हे नाम साहेबाला कळायला काही कठीण नव्हतं. या देशातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. ओक्बुन आजी गुडघाभर बर्फातून काठी टेकत वर आल्या होत्या. आत कुणाला घेत नाहीत, म्हणून दाराशीच त्यांनी स्वयंपाकघरातल्या भिक्षुणीला निरोप सांगितला, कढत पाण्याचा वाडगा पिऊन टाकला आणि गेल्या. निरोप साधा होता: "तोंडाला म्हणावं, या."

दोह्येनं कागदावर सगळं लिहून इल्जिन सुनीमच्या पुढे ठेवलं. म्हातारीला पडसं झालं होतं. तिनं कागद हातभर लांब धरून वाचला.

"यात विचारायचं काय आहे? जायचं तर जा. बोलायचं तर बोल. मौन तू धरलंस, तूच मोड. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा धर. हिवाळे काही संपत नाहीत."

इतकं सरळ उत्तर दोह्येला नको होतं. तीन महिन्यांचं व्रत असं पायमोज्यासारखं काढून टाकायचं? आणि ते आत उगवू लागलेलं, ज्याला नाव नव्हतं, ते पुन्हा त्या नाम्यापुढे नेऊन ओतायचं? तिनं कागद परत ओढला आणि खाली लिहिलं: जाईन, पण मौन मोडणार नाही. दोन्ही सांभाळता येईल.

"दोन्ही," इल्जिन सुनीम म्हणाल्या. त्यांनी नाक शिंकरलं. "कुणाला दाखवायचंय गं हे?"

दोह्येनं कागदाची घडी घातली.

तिनं मनाशी जे ठरवलं होतं ते असं: सभेच्या मधोमध आपण बसायचं. न हलता. छातीवर मौनाची पट्टी. बैठक सोडून, बर्फातून, एक भिक्षुणी खाली उतरली आणि काही न बोलता बसून राहिली हे बघून साहेब वरमतील, वर्तमानपत्रवाला फोटो काढेल, गावाला धीर येईल. आपलं मौनच ओरडेल. असं वाटायला माणसानं फार पुस्तकं तरी वाचलेली असावी लागतात किंवा फार ध्यान तरी केलेलं असावं लागतं. साध्या माणसाला ठाऊक असतं की ओरडायचं तर तोंड उघडावं लागतं.

सभा गावाच्या मंडपघरात होती. दाराशी बुटांचा खच पडला होता. जमीन खालून तापवलेली, त्यामुळे म्हाताऱ्या बसल्या बसल्या सुखावल्या होत्या. कंपनीनं प्रत्येकाच्या पुढे संत्री आणि तांदळाच्या वड्यांचा डबा ठेवला होता, आणि जाताना न्यायला कोपऱ्यात विजेवर तापणाऱ्या गाद्यांची चळत होती. जिल्ह्याचा एक तरुण कारकून टेबलाशी बसून पेनची शाई झटकत होता. क्वाक अध्यक्ष. त्यानं दोह्येला पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं. महिन्याभरापूर्वी त्याच्या थोरल्या पोराला खाणीच्या वजनकाट्यावर नोकरी लागली होती, ही गोष्ट दोह्येला माहीत नव्हती. भिंतीकडे तोंड करून बसलेल्याला कसली माहीत असणार!

दोह्ये आत आली तेव्हा मात्र मंडपघरात जी हालचाल झाली ती खरी होती. बायकांच्या पाठी ताठ झाल्या. ओक्बुन आजींनी शेजारणीला कोपरखळी मारली. "बघ, आल्या. मी म्हटलं नव्हतं?" कुणीतरी संत्र्याचा डबा मागे सरकवला, घेत नाही जा, अशा थाटात. दोह्येनं हात जोडले, मधोमध मांडी घातली, पाठ सरळ केली आणि डोळे अर्धे मिटले.

नाम साहेबानं खाली वाकून नमस्कार केला आणि बोलला. धूळ बसावी म्हणून पाणी मारू, तडे बुजवून देऊ, नळ आणू. गोड बोलला. मग क्वाक घसा खाकरून उभा राहिला.

"डोंगराची अलीकडची बाजू कंपनीला खोदायला द्यावी, असा ठराव आहे. आपल्या गावात रीत आहे तीनदा विचारायची. विरोध असेल त्यानं बोलावं. पहिल्यांदा विचारतो."

सगळ्यांची तोंडं दोह्येकडे वळली. तिची पाठ सरळ होती. श्वास आत आला, बाहेर गेला.

ओक्बुन आजींना राहवलं नाही. त्या काठीवर भार टाकून उभ्या राहिल्या. "माझ्या विहिरीचं पाणी..."

"आजी, बसा," क्वाक म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं, उलट मऊ केला. "तुमचं घर म्हणजे समिती नव्हे. समितीचं तोंड एकच. नियम कुणाचा? माझा आहे का? सुनीमचा आहे. त्या बसल्यात ना इथे? काही म्हणायचं असेल तर त्या म्हणतील."

"म्हणतील तर काय!" आजी तावातावानं म्हणाल्या. "थांब जरा तू." आणि त्या खरंच बसल्या. कारण नियम होता, आणि सुनीम समोर होत्या. तीन वर्षांत या बाईनं कधी वेळ चुकवली नव्हती.

"दुसऱ्यांदा विचारतो."

क्वाकच्या बायकोनं पदर... पदर कसला, स्वेटरची बाही डोळ्यांना लावली. तिला रडू फुटत होतं की बोलायचं होतं, कोण जाणे. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि ती खाली बघू लागली. मागून कुणीतरी पुरुष कुजबुजला, "सुनीम, बोला की." आणखी एक जण म्हणाला, "अहो, मौन आहे त्यांचं, पट्टी बघा ना." "मग आल्या कशाला?" तिसऱ्यानं विचारलं.

हे सगळं दोह्येला ऐकू येत होतं. पण ते लांबून येत होतं. आणि आता जे सांगायचं ते सांगताना हात आखडतो, पण सांगायलाच हवं, नाहीतर ही गोष्ट सांगून उपयोग नाही. ती भ्यायली नव्हती. तिला शब्द सुचत नव्हते असंही नाही. घशाशी आले होते. पण त्याच क्षणी, इतक्या डोळ्यांच्या मधोमध, तिच्या आतला बाजार उठला. शेवटचं गिऱ्हाईक गेलं. नाम साहेब समोर होता आणि तिला त्याचा राग येत नव्हता. राग नव्हता, दोह्ये नव्हती, नुसता श्वास होता आणि खालच्या जमिनीची ऊब. वीस वर्षं ज्याच्यासाठी बसली ते हे. तिला कळलं की तोंड उघडलं तर हे जाईल. आणि तिला ते जायला नको होतं. एवढंच. पाप म्हणा, मोह म्हणा, तो एवढाच होता.

"तिसऱ्यांदा विचारतो," क्वाक म्हणाला. कदाचित त्यालाही वाटत असेल की हिनं आता बोलावं आणि आपल्याला सोडवावं. तो बराच थांबला, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

कुणी संत्रं सोलत होतं तेही थांबलं. दोह्ये गप्प होती.

"रीतीप्रमाणे गाव कबूल आहे," क्वाक म्हणाला, आणि अध्यक्षाची लाकडी हातोडी त्यानं टेबलावर मारली. एक, दोन, तीन.

तीन ठोके पडले आणि दोह्येचं अंग सवयीनं हललं. तीन ठोके पडले की ध्यान सुटतं. तिनं हात जोडले आणि कंबरेतून खाली वाकली. सगळ्या गावानं ते पाहिलं. नाम साहेबानं तर त्याहून खाली वाकून तिला प्रतिनमस्कार केला. कारकुनानं कागदावर शिक्का मारला.

ती वर उठली तेव्हा तिला चेहरे दिसले. आणि मग कुठे आपण काय केलं ते दिसलं. ती धडपडत टेबलाशी गेली, तिचं तोंड उघडलं, आणि मंडपघर हलवणारा तो आवाज, इतके दिवस न वापरल्यानं, चिरका होऊन बाहेर आला: "विरोध आहे! माझा विरोध आहे!"

तरुण कारकून बिचारा उठून उभा राहिला. "सुनीम, सभा संपली," तो म्हणाला. "तुम्ही तेव्हाच बोलायचं होतं. आम्ही थांबलो होतो."

म्हणजे मौनही मोडलंच. तेही फुकट. दोन डगरींवर हात ठेवायला गेली होती बाई.

बायका गाद्या न घेता निघाल्या. थोड्याच वेळात त्यांचे नवरे येऊन घेऊन गेले.

दोह्ये मठात परत गेली. दुसरं कुठे जाणार? इल्जिन सुनीमनी तिला काही विचारलं नाही, जागाही बदलली नाही. छातीवरची पट्टी तिनं स्वतःच उसवून टाकली आणि उरलेला हिवाळा पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली. त्या दिवशी सभेत जे आलं होतं ते पुन्हा आलं नाही. एकदाच आलं, आणि आपलं भाडं घेऊन गेलं. बैठक सुटायच्या आधीच खालून सुरुंगांचे आवाज यायला लागले होते. सूत्रपठणाला आता ती मागच्या रांगेत बसून नुसते ओठ हलवायची. तिच्या शेजारच्या भिक्षुणींना पहिल्यांदा आपापला आवाज काढावा लागला.

नववर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला बैठक सुटली. दार उघडल्याबरोबर दोह्ये पायऱ्या उतरून खाली गेली ती थेट शेवटच्या घरी. वाटेत क्वाक भेटला. त्यानं टोपी काढली. तिनं हात जोडले. दोघांनाही एकमेकांना काही ऐकवायचा हक्क नव्हता.

ओक्बुन आजी अंगणात होत्या. त्यांचे किमचीचे आणि सोयाबीनच्या पेस्टचे मातीचे रांजण ओळीनं उलटे घालून ठेवले होते. एकेक रांजण घेऊन त्या आतून धूत होत्या. पाणी पांढरट होतं. भिंतीला नवा तडा होता, हात घालता येईल एवढा.

"इंचनला चालले लेकीकडे," मान वर न करता आजी म्हणाल्या. "सातव्या मजल्यावर. रांजण ठेवायला जागा नाही तिथे. म्हटलं, निदान घाण तरी ठेवून जाऊ नये."

"आजी, मी..."

"बोलता येतं वाटतं आता."

दोह्ये अंगणाच्या कडेला उभी राहिली. इतर वेळी आजींनी ओसरीवर गोधडी टाकली असती, काही खायला पुढे केलं असतं, मठाच्या किमचीवरून चार टोमणे मारले असते. आज त्यांचा हात रांजणात होता.

"एक विचारू, सुनीम? तुम्ही जे मिळवायला आत बसला होतात, ते मिळालं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण बिचारी खोटं बोलायची नाही, एवढं व्रत तिच्याकडे अजून शिल्लक होतं.

"मिळालं, आजी."

"कधी?"

"त्या दिवशी. सभेत. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा."

आजींचा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. तिथे नुसती उत्सुकता होती, बाजारात अनोळखी फळ दिसल्यावर असते तशी.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे सगळ्यांनाच काही ना काही मिळालं. क्वाकच्या पोराला नोकरी मिळाली, तुम्हाला ते मिळालं." आणि त्या पुन्हा रांजण घासू लागल्या.

दोह्ये चिखलात गुडघ्यांवर बसली आणि कपाळ जमिनीला टेकवलं. या वेळी मनात शिवी नव्हती. "आजी, मला माफ करा," ती म्हणाली.

आजी रांजण घासत राहिल्या.

"आजी, मला माफ करा."

डोंगराच्या अलीकडच्या बाजूनं भोंगा वाजला. सुरुंगाच्या आधी वाजतो तो. आजींनी धुतलेला रांजण उचलून भिंतीपासून लांब ठेवला आणि दुसरा ओढला.

"आजी, मला माफ करा," दोह्ये तिसऱ्यांदा म्हणाली.

आजींनी दुसऱ्या रांजणात हात घातला. तीनदा विचारून झालं होतं आणि समोरचं माणूस गप्प होतं. दोह्येनंच या गावाला शिकवलेल्या रीतीप्रमाणे माफी कबूल झाली होती. ती कपाळ टेकवून तशीच पडून राहिली. सुरुंग उडाला, खालची जमीन हलली, आणि तिच्या भादरलेल्या डोक्यावर धूळ बसत गेली. आजी घासत होत्या.